कडी गेली, स्क्रू राहिले

खिडकीची कडी जागेवर नव्हती. स्क्रू मात्र होते.

चारही स्क्रू आपापल्या भोकांत, नुसत्या हाताने फिरवून बसवलेले. तपासणीस बाईने त्यातला एक बोटाने फिरवून पाहिला. तो निमूटपणे बाहेर आला. कडीच्या जागी लाकडावर जुन्या, मळकट रंगाचा लांबट पट्टा उघडा पडला होता. बाकीच्या खिडकीवर नवा पांढरा रंग चकाकत होता.

तिने खिडकी ओढून लावली. वाऱ्याने ती आपली आपण उघडली. चार मजले खाली रस्ता दिसला आणि रस्त्यावरची माणसं, वरून पाहिल्यामुळे नुसती डोकी झालेली.

"आता काय नाही?" मागून ताईने विचारलं.

"काय झालं" असं तिने विचारलं नाही. काहीतरी नसणारच, हे तिने धरून ठेवलं होतं.

कार्यालयाच्या कागदांवर तिला अर्जदार म्हणत. तपासणीस तिला ताई म्हणायची. ताई एका इस्पितळाच्या धुलाईघरात काम करायची. गरम चादरींचे गठ्ठे उचलून तिचे दंड पैलवानासारखे झाले होते आणि बोटांची टोकं पांढरी पडली होती. घरात ती, शाळेत जाणारी मुलगी आणि म्हातारे वडील. एका दुकानामागच्या कोठारात तिघं राहत. महिनाअखेरीला दुकान पाडलं जाणार होतं.

सरकारी भाडेमदतीसाठी तिने अर्ज केला तेव्हा मुलगी रांगत होती. मंजुरी आली तेव्हा ती पाढे म्हणत होती. आणि मंजुरी म्हणजे घर नव्हे. भाड्याचा मोठा वाटा सरकार देणार, पण घर आपणच शोधायचं, ठरलेल्या मर्यादेतल्या भाड्याचं. मालकाला आपणच राजी करायचं. मग कार्यालयाचा माणूस येऊन घर तपासणार आणि ते पास झालं तरच पैसे सुरू होणार. मंजुरीला मुदत असते. ताईची मुदत याच आठवड्यात संपत होती. संपली, की रांगेच्या शेपटाला.

हे तिसरं घर होतं. पहिल्या घरात स्विचबोर्डाचं झाकण नव्हतं, तारा उघड्या. नापास. दुसऱ्यात मुख्य दाराची आतली कडी नव्हती. नापास. खरं तर दुरुस्ती करून घर पुन्हा दाखवता येतं, पण तोवर थांबणारा मालक या शहरात जन्माला यायचा होता. दोन्ही घरं दोन दिवसांत दुसऱ्याला गेली.

वरच्या मजल्यावर, मूल असलेल्या घरात, खिडकी आतून बंद होत नसेल तर घर नापास. यात तपासणीसाचं मत कुणी विचारत नाही.

तपासणीसाने कार्यालयातल्या साहेबांना फोन लावला. साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांच्या टेबलावर रांगेतल्या लोकांची थप्पी होती आणि टेबल काही मोठं होत नव्हतं.

"तीन घरं," साहेब म्हणाले, "तीन वेगळे मालक. शहराची तीन टोकं. तू विज्ञान शिकलीस ना? तिन्हींत सारखं काय आहे सांग."

तिने सुटलेला स्क्रू परत भोकात फिरवून ठेवला.

"ती बाईच ना? मुदतवाढ मिळवायला लोक काय काय करतात हे मी तुला सांगायला नको. ऑफिस बंद व्हायच्या आत दुरुस्ती झाली आणि कारण कळलं तर ठीक. नाहीतर अर्जदाराने नुकसान केलं असा शेरा मार आणि फाईल बंद कर."

तो शेरा बसला की पुन्हा अर्जच करता येत नसे. तपासणीसाने फोन खिशात टाकला. ताई तिच्या चेहऱ्याकडे पाहत उभी होती. बोलणं ऐकू आलं नसलं, तरी चेहरा तिला वाचता आला होता.

घराचा मालक स्वयंपाकघरात उभा राहून कुणाला तरी फोनवर झापत होता. एकही हार्डवेअरवाला संध्याकाळच्या आत यायला तयार नव्हता. तो चार मजले दोन-दोन पायऱ्या ओलांडत चढून आला होता आणि त्याला धापसुद्धा लागली नव्हती.

"कडी तुम्ही काढली?" तपासणीसाने सरळ विचारलं.

"मला काढायची असती तर रंग कशाला दिला असता?"

"कधी दिला रंग?"

"परवा. तेव्हा कडी होती. काल रात्री चक्कर मारली तेव्हाही होती. तिच्यावरूनच ब्रश फिरवलाय त्या गाढवाने, काढून रंगवायची म्हणजे यांना जीव जातो."

"दुसरा भाडेकरू बघून ठेवलाय?"

त्याने फोन खिशात टाकला. "ठेवलाय. दोघं भाऊ आहेत, नोकरीवाले. खालच्या रखवालदाराने आणलेत. संध्याकाळी येतील. तुमचं झालं तर तुमचं, नाहीतर त्यांचं. मी काही धर्मशाळा उघडलेली नाही, मॅडम."

"त्यांच्याकडून रखवालदाराला काही मिळणार?"

"फुकट कोण कुणाला जिना दाखवतं?"

घराच्या किल्ल्या तीन होत्या. एक मालकाकडे, एक रखवालदाराकडे, एक कालपासून ताईकडे. हा रिवाजच होता: तपासणीच्या आदल्या दिवशी अर्जदाराला किल्ली द्यायची आणि झाडलोट त्याच्याकडून करून घ्यायची. मालकांचा तेवढाच खर्च वाचतो आणि अर्जदाराला वाटतं, आपण पुसलेली फरशी आता आपलीच.

ताईने काल संध्याकाळी ती पुसली होती. तेव्हा कडी होती का, हे विचारल्यावर ती क्षणभरही अडखळली नाही.

"होती. वारा सुटला होता म्हणून मीच लावली. नव्या रंगामुळे घट्ट बसत होती, बोट सोललं माझं." तिने बोट दाखवलं. नखाजवळ पांढऱ्या रंगाचा कण अजून होता.

"मग किल्ली?"

"घरी नेली. आज सकाळची पाळी होती, मी थेट कामावरून इथं आले. किल्ली बाबांनी आणली, नेहमी तेच आणतात."

"ते वर आले होते?"

"छे. ते खालीच बसतात. दर वेळी. सामानाकडे बघतो म्हणतात."

ताई सकाळभर धुलाईघरात होती, हे तपासणीसाने इस्पितळात फोन करून ताडून घेतलं. तिथल्या मुकादमाने सांगितलं की बाईने आज पाणी प्यायलासुद्धा मशीन सोडलं नाही, लवकर निघायचं होतं म्हणून. साहेबांचं गणित इथे चुकत होतं. कडी काल रात्रीनंतर निघाली होती आणि ताई तेव्हा इथे नव्हती.

तपासणीस खाली निघाली.

जिना अरुंद होता. कठडा हाताच्या घामाने काळा पडलेला. चौथ्यावरून उतरताना तिला मघाशी चढताना दिसलेली गोष्ट पुन्हा दिसली: पायरीवर अंथरलेला पुठ्ठ्याचा चौकोनी तुकडा. खालच्या मजल्यावर तसाच दुसरा. त्याखाली तिसरा. कुणीतरी खोकं कापून व्यवस्थित तुकडे केले होते. दुसऱ्या घराच्या जिन्यातही असाच एक तुकडा तिच्या पायाखाली घसरला होता, तेव्हा तिने तो बाजूला सारला होता आणि विसरून गेली होती.

तळमजल्यावर लिफ्टचं दार साखळीने बांधलेलं होतं आणि त्यावर "बंद आहे" अशी पाटी होती. पाटीचा कागद पिवळा पडला होता. त्या दारासमोरच्या बाकावर ताईचे वडील बसले होते. उंच, सडपातळ, पांढरा सदरा नीट खोचलेला. मांडीवर रखवालदाराचा टेबलफॅन. जाळी बाजूला काढून ठेवलेली, हातात छोटा स्क्रू-ड्रायव्हर.

"काका, तुम्ही लिफ्टचं काम करायचात ना?" तिने विचारलं. हे तिला फाईलमुळे ठाऊक होतं.

"चाळीस वर्षं लोकांना वर चढवलं," काका म्हणाले. मग साखळीकडे मान वळवून, "ही मात्र माझ्याच्याने नाही व्हायची. मोटरच काढून विकलीय कुणीतरी. डॉक्टर कितीही मोठा असो, पेशंटला काळीजच नसेल तर काय करणार."

रखवालदार हसला. तो स्टुलावर बसून पंख्याकडे आशेने पाहत होता. गेल्या उन्हाळ्यापासून तो पंखा बंद होता, त्याने स्वतः खूप खटपट केली होती. ती खटपट दिसत होतीच: पंख्याच्या स्क्रूंची डोकी सुरीने ओरबाडून ओरबाडून गुळगुळीत झाली होती.

तपासणीसाने त्याला बाजूला घेतलं. सुरुवातीला तो फार साळसूदपणे बोलत होता. दोघा भावांचं नाव निघाल्यावर त्याने मानेमागे खाजवलं.

"कमिशन घेतो मी. ते काय चोरून घेतो? पण कडी कशाला काढू? मला कडी काढता आली असती तर पंखा नसता सुधारला?"

"सकाळी वर कोण कोण गेलं?"

"कोणी नाही. म्हणजे मी पाहिलं नाही. मागे पंपावर होतो, टाकी भरत. बराच वेळ लागतो, पंपाचाही जीव गेलाय."

"आणि काका?"

"ते इथंच होते. मी गेलो तेव्हा बाकावर, आलो तेव्हा बाकावर. घाम पुसत होते. गार पाणी दिलं मी त्यांना." मग त्याने आपलं गाऱ्हाणं सांगून घेतलं. "मॅडम, तुम्ही एक बघाच. पहाटे मी जिना झाडला. आता बघतो तर पायऱ्यांवर पुठ्ठे. कुणाला बसायला राजवाडा पाहिजे इथं?"

तपासणीसाने परत बाकाकडे पाहिलं. काका पंख्याचं मागचं झाकण उघडत होते. एक स्क्रू काढला. झाकण उचललं. मग तो स्क्रू बाकावर न ठेवता, खिशात न टाकता, त्यांनी ज्या भोकातून काढला त्याच भोकात परत दोन आटे फिरवून ठेवला. दुसरा काढला. तोही तसाच. डोळे पंख्यावर, बोटं आपलं आपण करत होती.

तिला वरच्या खिडकीचे चार स्क्रू आठवले.

पण मालकालाही असाच हात असू शकतो. कुणालाही असू शकतो. एका निरीक्षणावर निष्कर्ष काढायचा नाही, एवढं ती शिकली होती. तिने बाहेर जाऊन दुसऱ्या घराच्या मालकाला फोन लावला. कडी मिळाली का, एवढंच विचारलं.

"मिळाली की. दाराच्याच चौकटीवर ठेवलेली होती, वर. आणि स्क्रू जागेवर. असा चोर मी बापजन्मात पाहिला नाही हो, माझ्यापेक्षा टापटीप."

पहिल्या घराच्या मालकिणीला स्विचबोर्डाचं झाकण कपाटाच्या माथ्यावर सापडलं होतं. धूळ पुसताना.

तपासणीस पुन्हा वर चढू लागली. या वेळी सावकाश, एकेका पुठ्ठ्यापाशी थांबत. पुठ्ठे कुठे आहेत हे तिने नीट पाहिलं. जिन्याच्या वळणावर, जिथे सपाट जागा असते, तिथे एकही नव्हता. प्रत्येक पुठ्ठा पुढच्या चढाच्या तिसऱ्या पायरीवर होता.

ती तिसऱ्या पायरीवर बसली. पाय खाली सपाट जागेवर आले. खुर्चीवर बसल्यासारखं. मग उठून पहिल्या पायरीवर बसली. गुडघे छातीला लागले. उठताना तिला, ऐन तरुण बाईला, कठडा धरावा लागला.

वरच्या घरात मालक दोघा भावांपैकी कुणाशी तरी फोनवर गोड आवाजात बोलत होता.

घरात शिरून तिने ओट्याखाली पाहिलं नाही, मोरीच्या कोपऱ्यात पाहिलं नाही. सरळ स्वयंपाकघराच्या दाराशी गेली आणि टाचा उंचावून चौकटीवर हात फिरवला. कडी हाताला लागली. नव्या रंगाचा पापुद्रा तिच्या कडेने सरळ कापलेला होता. ओरखडा नाही, टवका नाही.

तिने कडी होती तिथेच परत ठेवली.

"ताई," ती म्हणाली, "माझ्याबरोबर जरा खाली या."

रखवालदाराला तिने पंपाकडे पाठवलं. तो नाखुशीने गेला, पण फार लांब गेला नसावा. ताई वडिलांशेजारी बाकावर बसली. तपासणीस समोर उभी राहिली आणि मग उभं राहणं बरं न वाटून स्टूल ओढून बसली.

"काका, कडी सापडली."

काकांनी स्क्रू-ड्रायव्हर थांबवला नाही. "बरं झालं."

"कुठं, ते विचारलं नाहीत."

आता तो थांबला.

तपासणीस हळू बोलत होती. हे बोलायला आपल्याला आवडेल असं तिला नेहमी वाटायचं: सगळे धागे एकत्र, एकेक पुरावा. आता शब्द जिभेवर जड झाले होते.

"तिन्ही घरांत वस्तू गेली, पण चोरीला गेली नाही. तिथेच ठेवलेली होती, आणि दर वेळी उंचावर. चौकटीवर, कपाटावर. लपवायचं असेल तर माणूस ओट्याखाली सारतो, ते सोपं. पण हा माणूस वाकत नाही. त्याचा हात वर जातो, खाली जात नाही. दुसरं म्हणजे स्क्रू. काढले आणि भोकांत परत ठेवले. मोडतोड करायला आलेला माणूस असं करत नाही. ज्याला आपण काढलेलं कधीतरी कुणाला तरी परत बसवायचंय याची आयुष्यभर सवय आहे, तो करतो."

ताईने वडिलांच्या मांडीवरच्या पंख्याकडे पाहिलं. चारही स्क्रू आपापल्या भोकांत उभे होते.

"रखवालदार नव्हे," तपासणीस पुढे म्हणाली. "त्याने स्क्रू खोलायला घेतला की स्क्रूचं डोकं झिजतं. मालक नव्हे, त्यांचा पहिल्या दोन घरांशी संबंध नाही. ताई कामावर होत्या. तिन्ही घरांच्या किल्ल्या सकाळी एकाच माणसाकडे होत्या. पण तो तर वर जातच नाही, खाली सामान सांभाळतो. मी ते खरं धरलं होतं. सामान कुठलं, हे विचारायचं मला सुचलं नाही. या पिशवीत तर फक्त डबा आहे."

"आणि पुठ्ठे," काका शांतपणे म्हणाले. जणू काम तपासणाऱ्याने एक चूक सोडली आणि ती दाखवणं त्यांचं कर्तव्य होतं.

"हो. पुठ्ठे. ज्याला दर मजल्याला बसावं लागतं, त्याचे. तिसऱ्या पायरीवर, कारण त्याहून खाली बसलं तर उठता येत नाही. एकच पुठ्ठा घेऊन चढता आलं असतं. पण मग दर वेळी तो वाकून उचलावा लागला असता. म्हणून घरूनच तुकडे कापून आणले आणि जिथल्या तिथे सोडले. उतरतानाही लागणारच होते."

बाहेर कुणीतरी मोटारीचा भोंगा वाजवत राहिलं.

"बाबा," ताई म्हणाली, "गुडघ्याचं काय?"

"काही नाही गं. वय झालं."

"मला म्हणालात तेल लावून बरं वाटतंय."

"तू संध्याकाळी येतेस तेव्हा मी खुर्चीत असतो. खुर्चीत कुणालाही बरंच वाटतं."

तिने डोळे मिटून घेतले. मग जे बोलली ते वडिलांशी कुणी बोलावं असं नव्हतं. तीन घरं, ती म्हणाली. लोकांच्या दारात हात जोडून मिळवलेली तीन घरं. सुट्या टाकून. पोरीला शेजाऱ्यांच्या भरवशावर ठेवून. मला सांगायचं तरी. तोंड नव्हतं का. ती ओरडत नव्हती, आणि म्हणून ऐकवत नव्हतं.

काकांनी सगळं ऐकून घेतलं.

"सांगितलं असतं तर तू वरचं घर बघितलंच नसतंस," ते म्हणाले. "माझ्यासाठी मंजुरीचा कागद वाया घालवला असतास. मी ओळखतो ना तुला. म्हटलं, घरच नापास होऊ दे. दोष तुझ्यावर नको, माझ्यावर नको. पुढचं मिळेल ते खालचं असेल. पहिलं दुसऱ्या मजल्यावर होतं. दुसरं तिसऱ्यावर." त्यांनी छताकडे पाहिलं. "आणि आता हे. मी एक बिघाड केला की घर एक मजला वर जातं, असा अंदाज यायला लागलाय."



"माझं नाव काढून टाका मॅडम कागदावरून," ते एकदम म्हणाले. "मी कुठंही राहीन."

"तुमचं नाव काढलं की दोघींना एकच खोली मंजूर होते," तपासणीस म्हणाली. "रक्कम उतरते. मग हेही घर मर्यादेत बसत नाही. मंजुरी पुन्हा नव्याने. मुदत याच आठवड्यात संपतेय."

"आणि डॉक्टरचा दाखला?" ताईने विचारलं. "पाय असे आहेत म्हणून खालचंच घर द्या, असं काही असेल ना?"

असं होतं. अशा लोकांसाठी वेगळी सवलत होती, मुदतवाढसुद्धा होती. पण साध्या डॉक्टरचा दाखला चालत नसे, सरकारी वैद्यकीय मंडळाचा लागे, आणि मंडळ बसायला अजून कितीतरी अवकाश होता. शिवाय तळमजल्यावर घरं होती कुठे? तळमजल्यावर दुकानं होती, गोदामं होती, मोटारी ठेवायच्या जागा होत्या. ताईने सहा महिने पायपीट करून जे पाहिलं होतं, ते तपासणीसाने तीन वर्षं नोकरी करून पाहिलं होतं. मर्यादेतलं घर फक्त तिथे मिळतं, जिथे इतर कुणाला चढायचं नसतं.

हे सगळं तिने सांगितलं. एकेक दार उघडून आत भिंत दाखवावी तसं. सांगून झाल्यावर तिला स्वतःची लाज वाटली, कारण ते सगळं बरोबर होतं.

घरच्याच माणसाने नुकसान केलं, तर नियम काय म्हणतो हे मात्र तिने सांगितलं नाही. साहेबांना कारण हवं होतं. साहेबांना ती सांगणार होती की कडी रंगकामात निघाली आणि चौकटीवर राहून गेली. हे खोटं होतं, आणि तिच्याजवळ देण्यासारखं एवढंच होतं.

जिन्यावरून मालकाचा आवाज आला. "मॅडम, काय ठरलं? ती पोरं निघालीत तिकडून."

काकांनी पंख्याचं झाकण बसवलं. चारही स्क्रू एकामागून एक आवळले. पंखा बाकावर ठेवला आणि बाकाच्या पाठीवर हात रोवून उभे राहिले.

"कडी कुठं ठेवलीत?"

"तुम्ही ठेवली होती तिथंच."

"चला मग."

"बाबा, नको," ताई म्हणाली. "मी लावते. मला दाखवा कशी लावायची."

"लाकूड जुनं आहे, आटा निसटेल. तू काय लावतेस." त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर खिशात घातला. "आणि कधीतरी चढायचंच आहे ना."

ते चढले. पहिल्या पुठ्ठ्यावर बसले, तेव्हा ताई त्यांच्याकडे पाहत नव्हती. दुसऱ्यावर बसले, तेव्हा तिने त्यांचा हात धरला होता. तिसऱ्यावर ते बराच वेळ बसून राहिले आणि कठड्यातून खाली लिफ्टच्या रिकाम्या पोकळीकडे पाहत म्हणाले की दोर अजून चांगला आहे, नुसता दोर असून काय उपयोग. तपासणीस दोन पायऱ्या मागे उभी होती. तिला माहीत होतं, आपल्या तपासणीचा कागद घराच्या उंबरठ्याच्या आत सुरू होतो. खिडक्या, नळ, तारा, दारं. जिन्याला त्यात रकाना नव्हता.

कडी बसवायला त्यांना श्वास घेण्याइतकाच वेळ लागला. त्यांनी ती लावली, उघडली, पुन्हा लावली. खटका स्वच्छ वाजला. तपासणीसाने खिडकी जोर लावून ओढली. खिडकी हलली नाही.

तिने "पास" लिहिलं. मालकाने फोनवर त्या भावांना नाही म्हणून सांगितलं आणि खांदे उडवून सह्या केल्या.

ताई भिंतीला टेकून उभी होती. घर मिळालेल्या माणसाचा चेहरा कसा असतो हे तपासणीसाने पुष्कळदा पाहिलं होतं. हा तसा नव्हता.

"चला बाबा. हळूहळू उतरू."

काका रंगाच्या रिकाम्या डब्यावर बसले होते, खिडकीपाशी. "उतरून काय करू? परत चढायचंच आहे. तू सामान आण, पोरीला आण. मी इथंच बसतो."

"आजच?"

"आता आलोय तर आलोय. परत येववेल की नाही, सांगता येत नाही." त्यांनी मालकाकडे पाहिलं. "चालेल ना?"

"रंगाचा वास सोसत असेल तर बसा," मालक म्हणाला.

ताईने खालून आणलेल्या पिशवीतला डबा काढून त्यांच्याजवळ ठेवला, पाणी ठेवलं आणि ती निघाली. तपासणीस मागून. उतरताना ताईने पहिला पुठ्ठा उचलला, मग दुसरा, मग तिसरा, आणि घडी करून काखेत धरले. टाकले मात्र नाहीत.

खाली रखवालदार पंख्यासमोर उभा होता. पंखा फिरत होता. वाऱ्याने बंद लिफ्टवरची पाटी फडफडत होती.

"चालू झाला," तो खुशीत म्हणाला. "नुसता थोडा घासल्यासारखा आवाज येतो. काका खाली आले की दाखवतो त्यांना."

ताई न थांबता रस्त्यावर गेली. तपासणीसाने पंख्याकडे पाहिलं, मग जिन्याकडे.

"तुम्हीच वर घेऊन जा," ती म्हणाली.